जमनाची जुळी

सोनोग्राफीवाल्या डॉक्टरने एवढंच सांगितलं होतं की अजून फार लवकर आहे, पिशव्या दोन दिसताहेत, महिन्याभराने नीट बघू. त्यातलं ‘फार लवकर’ आणि ‘नीट बघू’ जमनाने दवाखान्याच्या पायरीवरच सोडलं आणि ‘दोन’ तेवढं घेऊन ती बोईसरच्या मासळी बाजारात आपल्या जागेवर येऊन बसली. दुपारपर्यंत दांडीच्या जमनाला जुळी नातवंडं होणार हे पापलेट घेणाऱ्यांना, बोंबील घेणाऱ्यांना आणि नुसता भाव विचारून पुढे जाणाऱ्यांनाही कळलं होतं.

खरं तर पहिले तीन महिने पोटातल्याची वाच्यता करायची नाही, असा रिवाज आहे. जमनाला तो ठाऊक होता. दोन वर्षांपूर्वी सुनेला, उन्नतीला, पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तिने तो पाळलाही होता. इतकी गप्प बसली होती की शेजारच्या कोळणींना वाटलं, बाईची दाढ दुखतेय. तरी ते पोर दुसऱ्या महिन्यात गेलंच. तेव्हा जमनाने ठरवलं, गप्प राहून बघितलं, फायदा झाला नाही. आता बोलून बघू. शिकलेली माणसं याला काय म्हणतील कोण जाणे, पण मासळी बाजारात याला अनुभव म्हणतात.

पुढे सगळ्याच गोष्टी तिच्या बाजूने साक्ष द्यायला लागल्या. उन्नतीला ओकाऱ्या सुरू झाल्या त्या थांबेनात; पाण्याचा घोट पोटात ठरेना. “दोघांचं ओकते ती,” जमना म्हणाली. तिसऱ्या महिन्यात पोट पाचव्यासारखं दिसायला लागलं. “दोघांना जागा नको?” उन्नतीची छाती बसल्या जागी धडधडायची, हात थरथरायचे. यालाही जमनाकडे उत्तर होतं: “तीन जिवांचा भार हाय एका छातीवर.” कुंभवलीची सुगंधा, जिचा नवरा झुंबर बीडहून येऊन रंगाच्या कारखान्यात लागला होता आणि जिला बांगडा आणि तारली यातला फरक जमनाने हाताला धरून शिकवला होता, ती एकदा मासे घेता घेता म्हणाली, “मावशी, एवढं ओकतेय तर पालघरला दाखवा की मोठ्या मॅडमला.” जमना म्हणाली, “दाखवते. जुळी हायेत, दाखवायलाच पायजेत.” बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ते हेच. इथे तुरीच्या जागी मासळी होती इतकंच.

पालघरच्या अर्चना मॅडम मूळच्या सांगलीकडच्या. बोलणं मोजकं, आवाज हळू. जमनाच्या मते या बाई बाजारात बसल्या असत्या तर संध्याकाळपर्यंत त्यांची एक पाटी खपली नसती. त्यांनी उन्नतीच्या पोटावर यंत्र फिरवलं, थांबवलं, पुन्हा फिरवलं, आणि बाहेर उभ्या असलेल्या दर्पणला आत बोलावलं. दर्पण म्हणजे जमनाचा एकुलता मुलगा. बोटीवर तांडेल होता, समुद्रात दहा माणसांवर हुकूम चालवायचा, आणि जमिनीवर पाय ठेवला की आईच्या तोंडाकडे बघायचा.

“हे बाळ,” मॅडम म्हणाल्या. “ठोके चांगले आहेत. याची वार वेगळी आहे, तीही चांगली दिसतेय.”

“आनि ते दुसरं,” जमनाने पडद्यावर बोट ठेवलं.

“तिथे बाळ नाही. गर्भ धरतानाच चूक झाली आणि बाळ न होता नुसती वार वाढत गेली. हे पाण्याचे बारीक फुगे दिसताहेत ना? याला द्राक्षगर्भ म्हणतात.”

जमनाने डोळे बारीक केले. पदराने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “द्राक्षं कसली? ही त गाबोळी.” माशाच्या पोटातली अंडी तिने जन्मभर रोज बोटाने खरवडून काढली होती, ती ओळखायला तिला डॉक्टरची गरज नव्हती.

मॅडमनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. “हो,” त्या म्हणाल्या, “दिसायला तशीच.”

“मग ती गाबोळी काढा, आनि पोर राहू द्या.”

“गर्भाशय एकच आहे, आजी. एकाला हात लावला तर दोन्ही जातील, आणि रक्त आवरणार नाही.”

हे उत्तर जमनाचंच होतं. फळीवर मासळीचे वाटे मांडले की वाटा फोडायचा नाही, हा तिचा नियम. गिऱ्हाईक म्हणतं, मावशी, ही चांगली तेवढी द्या, ती पिचकी राहू द्या. जमना म्हणते, वाटा फुटनार नाय, घ्यायचा तर सगळा घे, नायतर चालू लाग. असं म्हणून तिने बोईसरमधली अर्धी सुशिक्षित माणसं हाकलून लावली होती. आज पहिल्यांदा ती फळीच्या दुसऱ्या बाजूला उभी होती आणि तिकडून तो नियम तिला अजिबात आवडला नाही.

मॅडमनी दोन वाटा सांगितल्या. एक, आत्ताच सगळं काढून टाकायचं; मूल जाईल, पण उन्नतीचा धोका पुष्कळ कमी होईल. दुसरी, बाळाभोवतीचं पाणी मुंबईला तपासून घ्यायचं, बाळ नीट निघालं तर डोळ्यांत तेल घालून पुढे न्यायचं. त्यात रक्तस्राव कधीही होऊ शकतो, ब्लडप्रेशर भडकू शकतं, थायरॉइड वर चढलंच आहे, आणि इतकं करून निम्म्याहून जास्त वेळा बाळ हाती लागत नाही. दोन्ही वाटांनी गेलं तरी नंतर महिनोन् महिने रक्त तपासत राहायचं, कारण हे काढलं तरी मूळ धरून पुन्हा वाढू शकतं, फुफ्फुसापर्यंत जाऊ शकतं. वेळेवर कळलं तर औषधं आहेत आणि बाई बरी होते. कळलं नाही तर मात्र कठीण.

“निर्णय तुमचा,” असं म्हणून त्यांनी उन्नतीकडे पाहिलं. उन्नतीने दर्पणकडे पाहिलं. दर्पणने आईकडे पाहिलं. मग उन्नतीनेही सासूकडे पाहिलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. जमनाचा उन्नतीवर जीव होता. रामू, तिचा नवरा, वारल्यापासून घरात तिच्याशी भांडायला कोणी उरलं नव्हतं. दर्पण मान डोलवायचा, त्यात काय मजा. पाच वर्षांपूर्वी केळव्याहून सून आली आणि पहिल्याच आठवड्यात, जमना मिठावरून तासभर बोलल्यावर म्हणाली, “आई, तुमचं झालं की सांगा, मग मी सुरू करते.” त्या दिवसापासून जमनाला ही पोरगी स्वतःच्या मुलापेक्षा लाडकी झाली होती. हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. सांगण्यापेक्षा तिने जिवंत चिंबोरी गिळली असती.

त्या खोलीत जमनाच्या मनात एकच वाक्य होतं: काढून टाक पोरी, तू राहा. पण तिला वाटलं, मागे बोलले त्याचं हे असं झालं. आता पोट तिचं, पोर तिचं, जीव तिचा. तिला बोलू दे. सासूने ‘काढ’ म्हटलं आणि पुढे पुन्हा कूस उजवलीच नाही, तर जन्मभर तोंड कसं दाखवणार? म्हणून आयुष्यात बोलायची गरज होती त्या एका घटकेला जमना मूग गिळून बसली.

उन्नती बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “ठेवायचं.”

मुंबईहून बाळाचा रिपोर्ट चांगला आला. थायरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, मग ब्लडप्रेशरच्या. दर आठवड्याला पालघर. रक्त लागलं तर द्यायला बोटीवरच्या खलाशांचे गट तपासून ठेवले. रात्री काही झालं तर कळावं म्हणून जमना सुनेच्या खाटेच्या पायथ्याशी चटई टाकून झोपायला लागली आणि घोरण्याने उन्नतीची झोप उडवायला लागली.

राहिला बाजार. घरी परतल्यावर जमनाने ठरवलं होतं की उद्या जाऊन सांगायचं, दोन नाहीत, एकच आहे. दुसऱ्या दिवशी पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, “जुळी बरी हायेत ना?” जमनाने तोंड उघडलं आणि म्हणाली, “बरी हायेत.” मग दुसऱ्याने विचारलं. खोटं बोलायचं म्हणून ती बोलली नाही. खरं सांगायला बसलं तर गाबोळीपासून सुरुवात करावी लागणार होती, आणि समोर मासळीवरचा बर्फ वितळत होता. महिनाभरात ती जुळी बाजारात छान वाढली. एक जास्त लाथा मारतं, एक शांत आहे, अशी तपशीलवार माहिती मिळू लागली. सुगंधाने दोन टोपडी विणून आणली, एक पिवळं, एक हिरवं. जमनाने ती डोळ्यांत पाणी आणून घेतली, आणि ते पाणी खरं होतं.

सातवा लागला तसं ओटीभरण आलं. उन्नतीला नको होतं. पण शेजारची वत्सला म्हणाली, जुळ्यांची ओटी भरली नाही तर गाव काय म्हणेल? वत्सला वयाने मोठी. पाड्यातली जन्ममरणाची सगळी रीत तिच्या जिभेवर, आणि जुन्या काळी अर्ध्या पाड्याची बाळंतपणं तिच्याच हातची. तिचा शब्द मोडायची पद्धत नव्हती. मॅडमकडची आठवड्याची फेरी नीट झाली होती, म्हणून जमनाही हो म्हणाली.

घर बायांनी भरलं. नारळ दोन, खण दोन, पेढ्यांचे पुडे दोन, झबली दोन दोन. केसांत अबोली, अंगावर हिरवी साडी, उन्नती पाटावर बसली होती आणि बाया गात होत्या. पाचवी की सहावी बाई तांदळाची ओंजळ घेऊन वाकली तेव्हा उन्नतीने जमनाकडे बघितलं. तोंडातून शब्द काढला नाही, फक्त बघितलं. जमनाने खाली पाहिलं. पाटावर रक्त होतं.

गाणं थांबलं. वत्सला पुढे झाली. “घाबरू नका गो. जुळ्यात दिसतं रगत. माझ्या नणंदेला दिसलंवतं. आडवी करा, पायाखाली उशी द्या, सांजपर्यंत थांबंल. आता गाडीत हलवाल त दोघं जातील.”

बायांनी माना डोलवल्या. दोघीतिघींना आपापल्या नात्यातली उदाहरणं आठवली. कोणी उशी आणली, कोणी चटई पसरली, आणि उन्नतीला आडवं करायला चार हात पुढे आले.

“जुळी नाय!” जमना ओरडली.

कोणाला काही कळेना.

“जुळी नाय. कवाच नव्हती. मी खोटं बोलले. एक पोर हाय, आनि बाजूला नुसती गाबोळी वाढलीय. डॉक्टरनं सांगितलंय, रगत दिसलं त घटकाभर थांबायचं नाय. थांबलो त पोरगी मरंल माझी. उचला तिला!”

सगळ्या दांडीच्या बाया एका घरात असून एवढी शांतता आजवर झाली नव्हती. त्या शांततेत कोपऱ्यातून कोणीतरी हळूच विचारलं, “मग दुसरा नारळ?” शेजारणीने तिला चिमटा काढला.

बाहेर कमलेशचा टेम्पो मासळी भरून बोईसरला निघायच्या बेतात उभा होता. लग्नाच्या पैठण्या नेसलेल्या बायांनी तो रस्त्यावर रिकामा केला. बर्फ, सुरमई, कोळंबी, सगळं खाली. वत्सलाने स्वतः दोन खोकी उचलून टाकली, आणि बाकीच्या उचलत नाहीत म्हणून त्यांना शिव्या दिल्या. कमलेश एकदाच “अगं माझी मासळी” म्हणाला आणि मग चावी फिरवून बसला. गोधडीवर उन्नती, तिचं डोकं जमनाच्या मांडीवर. दर्पण समुद्रात होता. त्याला फोन लागत नव्हता. मॅडमना लागला. त्या म्हणाल्या, आणा, रक्त तयार ठेवते, खलाशी किनाऱ्यावर आहेत तेवढे पाठवा.

तारापूरच्या कारखान्यांच्या रस्त्याला खड्डे आहेत हे जमनाला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. प्रत्येक खड्ड्याला ती कमलेशला शिवी द्यायची आणि पुढच्या वाक्यात जोरात चालव म्हणायची.

“आई,” उन्नती म्हणाली. ओठ पांढरे पडले होते. “जुळी गेली तुमची.”

“मरू दे ती जुळी.”

“तुमालाच पायजे होती. म्हनून त ठेवलं मी.”

जमना खाली वाकली. “मी कवा बोलले ठेव म्हनून?”

“कायच नाय बोलल्या. मॅडमनी विचारलं तेवा तुमी गप्प बसलात. तुमी कवा गप्प बसता? मना वाटलं, एवढं मनाला लागलंय की तोंडातून शब्द फुटत नाय. मग मी काढ कसं म्हनू?”

टेम्पो रेल्वेच्या फाटकाशी थांबला. जमनाला वाटलं कोणीतरी छातीवर बर्फाची लादी ठेवली. “गाढवे,” ती म्हणाली. “काढ म्हनायचं होतं मना. तू पायजे होतीस. मना दुसरं काय पन नको होतं.” हे बोलायला तिला पाच वर्षं लागली होती, आणि बोलून झालं तेव्हा उन्नतीचे डोळे मिटले होते. ऐकलं की नाही, ते जमनाला कळलं नाही.

पालघरला पोचल्याबरोबर उन्नतीला आत घेतलं. ब्लडप्रेशर डोक्यावर गेलं होतं, रक्त थांबत नव्हतं, पोट उघडावंच लागलं. खलाशी मागून मोटारसायकलींवर आले आणि ओळीने हात पुढे करून बसले. कितीतरी वेळाने अर्चना मॅडम बाहेर आल्या. उन्नती जगली होती. गर्भाशयही राहिलं होतं. “मुलगी झाली,” त्या म्हणाल्या. “फार लहान आहे. आम्ही प्रयत्न करतोय.”

काचेच्या पेटीतली मुलगी जमनाने पाहिली. तळहाताएवढी नव्हती, थोडी मोठी होती. नाक दर्पणचं, कपाळ उन्नतीचं. तिने एकदा पाय हलवला. बाजारात जमनाने कितीतरी वेळा सांगितलं होतं की पोर लाथा मारतं, आणि आता ते तिने पहिल्यांदा पाहिलं. दर्पण पहाटे समुद्रावरून थेट आला, ओल्या कपड्यांनी पेटीपाशी उभा राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी गेली. उन्नतीला उठता येत नव्हतं, म्हणून नर्सने मुलगी तिच्या कुशीत आणून दिली. मग दर्पणने ती फडक्यात गुंडाळून दांडीला नेली आणि दोन माणसं बरोबर घेऊन, कोणाला न सांगता, वाळूपलीकडच्या जागेत पुरून आला.

आठवड्याने उन्नती घरी आली. निघताना मॅडमनी पुन्हा पुन्हा बजावलं: दर सोमवारी रक्त. अजून रक्तात त्या द्राक्षगर्भाचा अंश आहे, तो उतरत उतरत संपायला हवा. उतरायचं थांबलं तर लगेच इंजेक्शनं. टाळायचं नाही. ओकाऱ्या थांबल्या, जेवण जायला लागलं, म्हणून बरं वाटेल. त्या बरं वाटण्यावर विश्वास ठेवायचा नाही.

आणि दांडीत काय झालं होतं? जमनाने भरल्या घरात ओरडून सांगितलेलं एकूणएक बाईने ऐकलं होतं, आणि त्यातलं ‘जुळी नाय’ आणि ‘गाबोळी’ एवढंच घरी नेलं होतं. जमनाने सोनोग्राफीवाल्याचं जे केलं, तेच गावाने जमनाचं केलं. जमनाच्या सुनेला पोर नव्हतंच, पोटात गाबोळी झाली होती, डॉक्टरने काढली, सुटली बिचारी. बाया भेटायला आल्या त्या हेच बोलत आल्या. “घान गेली, बरं झालं.” “नव्हतंच त्यात काय, मनाला नको लावून घेऊ.” “आता कसलं रक्तबिक्त, झालं ना मोकळी?” वत्सलाने रीत सांगितली: पोट खराब झालं तर सुतक नाही. कोणी पाळू नये, उगाच घरात अशुभ. ती मायेनेच सांगत होती.

उन्नती कोणाशी भांडली नाही. इथेच जमनाला भीती वाटायला हवी होती, आणि वाटली. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. दूध यायला लागलं होतं. तिने छातीला ओढणी घट्ट बांधून घेतली आणि तेही कोणाला सांगितलं नाही. सोमवारी दर्पण गाडी घेऊन आला तर उठेना.

“कशाला?” ती म्हणाली. “नव्हतंच ना काय. मग तपासायचं काय?”

दर्पण पाया पडला. मॅडमचा फोन आला, तो तिने घेतला नाही. जमनाने तासभर समजावलं, ओरडली, शपथा घातल्या, फुफ्फुसाचं सांगितलं, मरशील म्हणाली. उन्नतीने भिंतीकडेच बघत विचारलं, “तुमचं झालं?” आणि पुढे ती सुरू झालीच नाही.

मंगळवारी जमना नेहमीच्या वेळी पाटी घेऊन बाजारात गेली. पण पाटी रिकामी होती. बोईसरच्या त्या ओळीत एक पद्धत आहे: कोळणीच्या घरात मयत झाली की ती आपल्या जागेवर पाटी पालथी घालते आणि निघून जाते, सुतक फिटेपर्यंत त्या जागेवर कोणी बसत नाही, कोणी मासा ठेवत नाही. म्हातारी माणसं गेली की घालतात. कर्ता पुरुष बुडाला की घालतात. पोट पडलं म्हणून आजवर कोणी घातली नव्हती.

जमनाने आपला दगड पाण्याने धुतला आणि पाटी पालथी घातली. शेजारणींचे कोयते थांबले. सुगंधा त्याच वेळी पिशवी घेऊन आली होती. पाटी बघून तिचा हात तोंडावर गेला. “मावशी, कोण गेलं?”

“नात,” जमना म्हणाली. जुळ्यांची बातमी तिने ज्या आवाजात दिली होती त्याच आवाजात, ओळीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ती बोलली. “दोन होती असं मी बोलले, ते खोटं. एकपन नव्हती असं गाव बोलतं, तेपन खोटं. एक होती. दीड दिवस होती. मी बघितलीय.” आणि ती घरी निघाली.

उन्नती भिंतीकडे तोंड करूनच पडली होती. भर सकाळी सासूची पावलं ऐकून तिने मान वळवली. “बाजारात नाय बसल्या?”

“घरात मयत झालीय गो,” जमना म्हणाली. “कशी बसू?”

उन्नती कोपरावर उठली. मग तिचं तोंड वाकडं झालं आणि आतून असा आवाज आला की बाहेर जाळं विणत बसलेला दर्पण धावत आला. जमना खाटेवर बसली, पोरीला पोटाशी धरलं आणि स्वतःही रडायला लागली. जमनाचं रडणं तिच्या बोलण्यापेक्षा मोठं होतं. शेजारपाजारच्या दारांत माणसं आली.

वत्सला आली. उंबऱ्यात उभी राहून तिने विचारलं, “काय झालं गो?”

“नात गेली माझी,” जमना म्हणाली. “हिची पोरगी गेली. रडू दे.”

वत्सलाने उंबऱ्यात चपला काढल्या. रीत तिने सांगितली होती आणि ती पाड्यात सगळ्यांना ठाऊक होती. मग तिने डोक्यावर पदर घेतला, आत आली आणि उन्नतीच्या पायाशी बसली. “कोनासारखी होती गो?” तिने विचारलं. हुंदक्यांतून उन्नती सांगायला लागली, आणि बाहेरच्या बाया एकेक करून चपला काढून आत आल्या.

पुढच्या सोमवारी उन्नती तपासणीचं रक्त द्यायला गेली. पालघरपर्यंत रडत गेली, पण गेली.